अंगठा पुसणाऱ्या वकीलबाई

माझ्या दुकानाच्या दाराच्या चौकटीला कमरेएवढ्या उंचीवर जांभळे डाग आहेत. कागदावर अंगठा उठवला की माणूस आधी इकडेतिकडे बघतो, मग चौकटीला तरी पुसतो, नाहीतर डोक्याच्या केसांना. मी दर दिवाळीला चौकट रंगवतो आणि संक्रांतीपर्यंत ती पुन्हा होती तशी होते. पौडला कचेरीजवळ टायपिंगचं दुकान टाकणाऱ्यानं पांढऱ्या चौकटीची हौस करू नये, हे मला तीस वर्षांत कळलं आहे. तरी मी रंगवतो.

डवले वकीलबाईंच्या अशिलांनी मात्र माझी चौकट कधी खराब केली नाही. बाईंच्या पिशवीत एक पत्र्याची डबी असायची. तिच्यात शाईचं पॅड आणि खोबरेल लावलेली जुन्या सुती लुगड्याची चिंधी. अंगठा उठला की बाई त्या माणसाचा हात आपल्या हातात घ्यायच्या आणि चिंधीनं तो अंगठा नखाच्या कडेपर्यंत पुसून काढायच्या. समोरचा वीटभट्टीवरचा असो, सेंट्रिंगचं काम करणारा असो, ओशाळून हात मागे घ्यायचा. बाई सोडायच्या नाहीत. "अंगठा मागितला कोणी? मी. मग पुसणार कोण?" एवढंच म्हणायच्या.

त्या यवतमाळकडच्या. नवऱ्याला हिंजवडीत नोकरी लागली म्हणून इकडे आल्या. नवरा पुढे परदेशी गेला, बाई इथेच राहिल्या. का, ते त्यांनी सांगितलं नाही आणि पौडचा असूनही मी विचारलं नाही, यावरून त्यांचा वचक समजावा. हिंजवडीजवळच्या चांदे गावात एका शेतकऱ्याच्या बारा खोल्यांच्या चाळीत त्या भाड्यानं राहायच्या. 'काहून' आणि 'करून राहिले' ऐकून सुरुवातीला आमच्याकडची मंडळी तोंड फिरवून हसायची. त्यांचा घरमालक एकदा माझ्या दुकानात बसून म्हणाला, "बाहेरची मानसं लई झाली हितं. पान्याला बी पुरंना झालंय." बाई तिथेच बसल्या होत्या. म्हणाल्या, "मी पण बाहेरचीच आहे हो पाटील. भाडं मात्र तुम्ही आतल्यासारखं घेता." पाटील हसले, पण चहा न पिता गेले.

बाहेरच्यांची वकीलबाई असं त्यांचं नाव पडलं होतं. झारखंड, ओरिसा, बिहार, कर्नाटकातले तांडे, कुठून कुठून माणसं येतात आणि आयटीवाल्यांचे टॉवर उभे करून पुढे जातात. त्यांच्या अडीअडचणींचे अर्ज बाई लिहायच्या आणि मी टाइप करायचो. काळा कोट अंगापेक्षा दोन मापं मोठा, कुणा सीनियरचा जुना असणार. गळ्यात एक चष्मा, डोक्यावर एक, आणि दोन्ही असताना तिसरा शोधत. वाचायची सवय अशी की भेळ संपल्यावर कागदही वाचून मग टाकायच्या. हॉटेलात चहा सांगण्याआधी भिंतीवरचा फळा वरपासून खालपर्यंत पुटपुटत वाचायच्या, तोवर पोऱ्या कंटाळून जायचा.

आणि झोप. एसटीत बसल्यावर जागा राहणारा मुळशीत मिळणं कठीण, पण बाईंची झोप आमच्यातही नावाजलेली होती. चांद्याहून येणारी गाडी सुटायच्या आत त्यांची मान खिडकीला लागलेली असायची. पौड आलं की कंडक्टर हाक मारायचा, "वकीलबाई, उठा, कोर्ट आलं." त्या उठून, पदर सारखा करून, काही झालंच नाही अशा उतरायच्या.

ही झोप गेली कशी, ते मला सांगितलंच पाहिजे. त्यात माझाही हात आहे.

फुलमणी नावाची एक संताळ बाई होती, झारखंडाकडची. तिचा नवरा चांद्याच्या बाजूला एका इमारतीच्या कामावर परांचीवरून पडून गेला. मागे ही आणि सहा-सात वर्षांची पोरगी, सुमी. बाईंनी ती केस घेतली. निकाल लागेपर्यंत फुलमणीची मजुरांच्या कॅम्पातली पत्र्याची खोली काढून घ्यायची नाही आणि सुमीचं शाळेत नाव घालायला मदत करायची, एवढं ठेकेदाराकडून लिहून घ्यायचं ठरलं. ठेकेदार लगेच तयार झाला. तिथेच खरं म्हणजे शंका यायला हवी होती.

त्याचा मुनशी दोन पानांचा मसुदा घेऊन माझ्या दुकानात आला. पहिलं पान बाईंनी उभ्याउभ्या वाचलं, त्यात ठरलं होतं तेच होतं. तेवढ्यात कोर्टात त्यांच्या दुसऱ्या प्रकरणाचा पुकारा झाला. "टाइप करून अंगठा घ्या भाऊ, मी आलेच," असं सांगून त्या पळाल्या.

मी दोन्ही पानं टाइप केली. दुसऱ्या पानावर होतं की अपघात नवऱ्याच्या स्वतःच्या चुकीनं झाला, माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही, आणि मी राजीखुशीनं मुलीला घेऊन गावी जात आहे. हे माझ्या हातांनी टाइप झालं. मजकूर माझ्या बोटांतून जातो, डोक्यातून जात नाही, हे मी तोवर लोकांना कौतुकानं सांगत असे. आणि शेवटी, प्रत्येक कागदाच्या शेवटी असते ती ओळ: 'वरील मजकूर मला माझ्या भाषेत वाचून दाखविला व तो मला समजला.' ती टाइप करावी लागत नाही. कॉम्प्युटरमध्ये साच्यातच आहे, आपोआप येते.

फुलमणीला संताळी येत होती आणि मोडकंतोडकं हिंदी. मुनशीनं तिला सांगितलं, हा शाळेचा कागद आहे. ती सुमीकडे बघून हसली आणि तिनं अंगठा दिला. बाई धावत आल्या, अंगठा उठलेला बघितला, अंगठा हिचाच अशी खाली ओळखीची सही केली, चिंधी काढून फुलमणीचा अंगठा पुसला आणि पुन्हा कोर्टाकडे पळाल्या. घाईतही अंगठा मात्र नीट पुसला.

चार दिवसांनी त्या सुमीसाठी शाळेचा गणवेश घेऊन कॅम्पावर गेल्या तर त्या खोलीत दुसरंच कुटुंब स्वयंपाक करत होतं. फुलमणीला मुनशीनं रेल्वेत बसवून दिलं होतं. बाईंनी दुसरं पान तेव्हा वाचलं आणि कागद रद्द व्हावा म्हणून धडपड केली. तेव्हा समोरच्या वकिलानं तोच कागद पुढे केला आणि खालच्या सहीवर बोट ठेवलं. सही बाईंचीच होती.

त्या दिवशी त्या माझ्या दुकानातल्या बाकावर येऊन बसल्या. मी म्हणालो, "चूक माजी बी हाय, बाई. म्या वाचायला पायजे हुतं."

त्या म्हणाल्या, "दुसऱ्याच्या सहीविरुद्ध भांडता येते भाऊ. स्वतःच्या सहीविरुद्ध कोणत्या कोर्टात जाऊ?"

मग मला ती ओळ साच्यातून काढायला सांगितली. मी सांगितलं की ती कायद्याची ओळ आहे, काढता येत नाही. हे खरंही होतं. पण नंतर दुकानात पाऊल टाकलं की त्यांचा पहिला प्रश्न तोच: "काढली का ओळ?" आधी मला राग यायचा, मग सवय झाली.

आणि गाडीत त्यांना झोप लागेना. कंडक्टर मला सांगायचा की वकीलबाई हल्ली टक्क जाग्या असतात, तिकिटाची मागची बाजूसुद्धा वाचतात.

वकिली त्यांनी एकदम सोडली नाही. नळाचं पाणी जातं तशी ती गेली, आधी धार बारीक झाली. नवी प्रकरणं घेईनात. रविवारी कॅम्पावर जाऊन पोरं गोळा करायच्या आणि सोमवारी त्यांना शाळेत घेऊन जायच्या. दाखले नाहीत म्हणून अडवलं की पायरीवर पोरांना घेऊन बसायच्या, मग गुरुजी नाव लिहून घ्यायचे. एक गुरुजी त्यांना मनापासून म्हणाले, "बाई, नाव लिवलं हो. पर आमाला त्यांचं कळत न्हाई, त्यांना आमचं. पोरगं तहान लागली तरी बोलत न्हाई." हे सांगताना बाईंचा आवाज नेहमीपेक्षा खाली आला होता. सुमीला शाळेत घातलं असतं तर तीही अशीच तहानेली बसली असती, असं म्हणाल्या.

त्यातून पहिलं पुस्तक झालं. सोळा पानांचं. एका मुलीला वर्गात तहान लागते आणि ते कोणाला सांगायचं हे तिला कळत नाही, एवढीच गोष्ट. प्रत्येक पानावर तेच वाक्य मराठीत, हिंदीत, उडियात आणि तांड्यावरच्या बंजारा बोलीत. मी आयुष्यभर खरेदीखतं टाइप केलेला माणूस. 'तिला तहान लागली' हे वाक्य टाइप करताना माझ्या हातून 'तिला तहान लागली असून' असं व्हायचं. बाई 'असून' खोडायच्या.

वकिली सुटली तरी साचा सुटला नव्हता. पुस्तक छापण्याआधी ज्यांची बोली आहे त्या बायांना ते वाचून दाखवायचं, त्यांना पटेपर्यंत बदलायचं, आणि मग शेवटच्या पानावर त्यांचा अंगठा घ्यायचा. वर छापलेलं असायचं: 'वाचून दाखविले व समजले.' अंगठा पुसायला तीच चिंधी. पुण्याचे प्रकाशक म्हणाले की लहान मुलांच्या पुस्तकात हे बरं दिसत नाही, त्यापेक्षा रंगवायला एखादं फुलपाखरू देऊ. बाई म्हणाल्या, मग पुस्तकच नको. फुलपाखरू गेलं, अंगठे राहिले.

दुसरं पुस्तक खेकड्याचं. त्यात कातकरी बोली घ्यायची बाईंनी ठरवली तेव्हा मी म्हणालो, कातकरी काही बाहेरचे नाहीत, ते इथलेच. बाईंनी विचारलं, "मग इतक्या वर्षांत तुमच्या शाळेत त्यांच्या बोलीतलं पुस्तक काहून नाही?" आमची जमीन पिढ्यान् पिढ्या त्यांनीच कसली आहे. वाडीवर वाचनाला मीही गेलो होतो. ठकूआजी नावाची म्हातारी पुढे बसली होती. चित्रं शहरातल्या एका मुलीनं काढलेली, फार सुंदर. ओढ्याकाठच्या दगडावरून लालभडक खेकडा चालला आहे. ठकूआजीनं पान डोळ्यांशी नेलं आणि म्हणाली, "ह्यो शिजवल्याला हाय. शिजल्याव चालतुया कसा?" सगळी वाडी हसली. बाईंनी खेकडा काळा होईपर्यंत छपाई थांबवली. चित्रकार मुलगी रुसली होती म्हणे. पुढे तिलाही तो काळाच आवडला.

त्यांच्या सगळ्या पुस्तकांत एक कुबडीवाला मुलगा आहे. वर्गाच्या चित्रात, नळाच्या रांगेत, कुठेतरी असतो. मी विचारलं की याची गोष्ट कुठे आहे, तर म्हणाल्या, "वर्गात असतो तसा आहे. कुबडी आहे म्हणून गोष्ट काहून पाहिजे? त्याला खेळू द्या ना बाप्पा."

पुस्तकांचं नाव झालं. कोळवणला कुणाच्या तरी फार्महाऊसवर त्यांना वाचनाला बोलावलं, मला ओझं उचलायला नेलं. हिरवळीवर गाद्या टाकलेल्या, पोरं गोड, आयाही गोड. एका बाईंनी शेवटचं पान बघून सो क्यूट म्हटलं आणि आपल्या मुलांचेही ठसे घेऊ या का म्हणून विचारलं. वकीलबाई हसल्या आणि हो म्हणाल्या. वीस पोरांचे अंगठे घेतले आणि वीसच्या वीस पुसले. जीपनं परत पौडला आल्यावर म्हणाल्या, "थकली मी भाऊ." मला वाटलं कार्यक्रमानं. ते तेवढंच नव्हतं.

पाच पुस्तकं निघाली. सहावं संताळीतलं. ते लिहून कधीचंच तयार होतं. मंगल नावाचा एक गवंडी होता, फुलमणीच्याच मुलखातला, त्यानं वाक्यं सांगितली होती आणि बाईंनी ती देवनागरीत लिहून घेतली होती. गोष्ट एका मुलीची होती. तिच्या नव्या दप्तरात काहीच नसतं, तरी ती ते रोज पाठीला लावून शाळेच्या दारापर्यंत जाते आणि परत येते. कॅम्पावरच्या दुसऱ्या संताळ बायांचे अंगठे सहज मिळाले असते. बाईंनी घेतले नाहीत. हे पुस्तक फुलमणीला वाचून दाखवल्याशिवाय आणि तिचा अंगठा आल्याशिवाय छापायचं नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. मंगल दर वर्षी गावी जाताना चौकशी करायचं कबूल करायचा आणि येऊन मान हलवायचा. असं किती वर्षं चाललं ते मी मोजलं नाही. बाईंचे गुडघे गेले, साखर वाढली. पायरी चढताना चौकटीला धरायला लागल्या. यवतमाळचा भाऊ रोज फोन करून बोलवायचा. आणि दुकानात आल्यावर प्रश्न तोच: "काढली का ओळ?"

मी एकदा चिडून म्हणालो, "बाई, छापून टाका ते. ती बाई कुटं हाय, हाय का न्हाई, कुनाला ठावं. तुमी किती दिस असं बसनार?"

त्या म्हणाल्या, "मला पटकन अंगठा घ्यायचा नाही भाऊ. तो एकदा घेतला ना."

शेवटी त्यांनी यवतमाळला जायचं ठरवलं. सामान आधीच ट्रान्सपोर्टनं गेलं. निघायच्या दिवशी सकाळी त्या पिशवी घेऊन दुकानात आल्या, पुण्याची गाडी अकराची होती. मंगल गावी गेलेला होता आणि आदल्या दिवशी त्याचा निरोप आला होता की फुलमणी सापडली, मामाच्या गावी असते, उद्या सकाळी तिच्या घरून फोन करतो. पुस्तकाची मी प्रिंटरवर काढलेली कच्ची प्रत त्याच्याजवळ होतीच, बाई दर वर्षी देत असत. यवतमाळात बसून बोलता आलं असतं, पण बाई म्हणाल्या, "कागद जिथं झाला तिथंच बोलते."

दहाला फोन वाजला. मी मोबाइल प्रिंटरला टेकवून उभा केला. पडद्यावर फुलमणी दिसली. केस पांढरे झालेले, चेहरा तोच. शेजारी एक उंच मुलगी, ती सुमी. बाईंनी पाठ करून ठेवलेलं हिंदी होतं, माफीचं. त्यातलं पहिलं वाक्य झालं, "मैं वही वकील हूँ," आणि पुढचं आठवेना. फुलमणीनं बाईंकडे बराच वेळ बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. मी टेबलावरचे कागद सारखे करायला लागलो.

सुमीनं पुस्तक उघडलं आणि आईला वाचून दाखवलं. ती सावकाश वाचत होती, बोटानं ओळ धरून. आम्हांला एक अक्षर कळत नव्हतं, पण बाईंना पानं पाठ होती, त्या ओठांतल्या ओठांत मराठीत बरोबरीनं चालल्या होत्या. मध्ये एकदा फुलमणीनं सुमीला थांबवून ते पान पुन्हा वाचायला लावलं. रिकाम्या दप्तराचं असणार. संपल्यावर तिनं पुस्तक हातात घेतलं, शेवटच्या कोऱ्या पानापर्यंत उलटलं, आणि मंगलनं पॅड पुढे केलं तेव्हा हात पदराखाली घेतला. मुलीशी दोन वाक्यं बोलली.

सुमी म्हणाली, "माँ बोल रही है, सब समझ में आया. किताब अच्छी है. लेकिन अंगूठा नहीं देगी."

मंगल फुलमणीची समजूत घालायला लागला. बाईंनी इकडून त्याला थांबवलं. फोन ठेवल्यावर त्या बाकावर टेकल्या. मला भीती वाटली की आता यांना काही होतं की काय. मी पाणी दिलं. ते त्या सगळं प्यायल्या.

मग म्हणाल्या, "त्या दिवशी वाचून दाखवलं असतं ना भाऊ, तर ती हेच म्हणाली असती. नाही म्हणाली असती."

मी विचारलं, मग पुस्तकाचं काय. त्या म्हणाल्या छापायचं. मी म्हणालो, शेवटचं पान कोरं दिसेल, मी तिथं बारीकशी वेलबुट्टी टाकतो. "काहीच टाकू नका," त्या म्हणाल्या. "वरची ओळ राहू द्या. खाली कोरं." आता तसंच छापलं आहे. लोक विचारतात की अंगठा छापायचा राहिला का. मी सांगतो, राहिला नाही.

स्टँड जवळच, मी पिशवी घेऊन सोबत गेलो. ओळीबद्दल त्यांनी त्या दिवशी विचारलं नाही. मीच सांगितलं की ओळ साच्यातून काढली आहे, आता कागद मोठ्यानं वाचून झाला की मगच हातानं टाइप करतो, लोक वैतागतात. काढून दोन वर्षं झाली होती. ती काढली म्हटलं की बाईंनी दुकानात यायचं सोडलं तर, म्हणून बोललो नव्हतो. त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "हाव, मला माहीत होतं. वाचताना बाहेर ऐकू येते."

त्यांना खिडकीची जागा मिळाली. मी पिशवी वर ठेवली, खाली उतरलो आणि पाण्याची बाटली आणायला हॉटेलात गेलो. परत आलो तेव्हा ड्रायव्हर अजून चहा पीत होता, इंजिनसुद्धा सुरू झालं नव्हतं. बाटली देण्यासाठी मी खिडकीशी हात नेला. वकीलबाईंची मान गजाला टेकलेली होती, दोन्ही चष्मे जागेवर होते, तोंड किंचित उघडं. त्या गाढ झोपल्या होत्या. मी बाटली कंडक्टरजवळ दिली आणि त्याला सांगितलं, पुणं येईपर्यंत उठवू नका.